सुरमईने विचारलं, जेवण झालं का

टेबलाखालून एक हात बाहेर आला तेव्हा मी किंचाळणार होते. पण भीतीने आवाजच फुटला नाही, म्हणून छत्री मारली.

"आई गं…" हात म्हणाला. मग हातामागून खांदा आला, आणि शेवटी केसांत कोळिष्टकं नि दातांत वायर धरलेला एक मुलगा. छत्रीचं सगळं पाणी त्याच्या शर्टावर.

"मॅडम, मी चोर नाही. नेटवर्कचा माणूस आहे."

"मग सांगून यायचं."

"सांगूनच आलो. शेणॉय सरांना सांगितलं. तुम्हाला सांगायचं राहिलं." त्याने मनगट चोळलं आणि हसला. "नशीब, छत्रीच होती."

मला हसू आलं नाही. कारण मी भित्री आहे, आणि तो आटीचा महिना होता. आमच्या मंगळूरकडे आटीत कुणी लग्न ठरवत नाही, नवं काही सुरू करत नाही, मनातलं चांगलं कुणाला सांगत नाही. दिवसभर पाऊस, दुपारीच दिवेलागण झाल्यासारखा अंधार, आणि घरोघरी भुताखेतांच्या गोष्टी. त्यात माझी खोली ऑफिसच्या पार मागच्या टोकाला, खिडकीखालून नाला वाहणारा. बंदरात उतरलेला माल ज्याचा त्याला सोडायच्या चिठ्ठ्या मी त्या खोलीत बसून छापत असे. चिठ्ठीचे कोरे कागद नंबर घातलेले होते. असा एक कागद बाहेर गेला तर कुणीही दुसऱ्याचा माल उचलून नेऊ शकेल, असं आमचे मॅनेजर शेणॉय सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. तेव्हापासून मला त्या कागदांचीही भीती वाटायची.

त्याचं नाव यतीश करकेरा, बाहेरच्या कंपनीने आमच्याकडे कामाला पाठवलेला. ऑफिसातले टेबलाटेबलावरचे प्रिंटर काढून त्याने तीनच ठेवले, सगळ्यांनी मिळून वापरायचे, आणि तिन्ही नेटवर्कला जोडले. कुठला कुठे हे लोकांना कळावं म्हणून त्यांना नावं द्यायची होती.

"काय नाव देऊ तुमच्या प्रिंटरला?"

"मला काय विचारता? एक, दोन, तीन द्या."

"छे, मारायती." बाईमाणसाशी बोलताना आमच्याकडे असं लाडाने म्हणतात, पण हा पहिल्याच दिवशी म्हणाला. "बाहेरचे दोघे तारली आणि बांगडा. तुमच्यात महागाचा कागद, म्हणून ही सुरमई. सध्या बोटी बंद आहेत, बाजारात मासे नाहीत. निदान ऑफिसात तरी असू देत."

दुसऱ्या दिवसापासून सगळं ऑफिस "तारली अडकली" आणि "बांगड्यात शाई संपली" असं बोलायला लागलं. शेणॉय सरसुद्धा. मी मात्र सुरमईकडे जरा संशयानेच बघत होते, आणि माझं काही चुकलं नाही.

त्याच आठवड्यात, जेवायच्या सुट्टीत, मी एकटी डबा उघडून बसले होते. कुणी काही पाठवलेलं नसताना सुरमई खोकली. घरघरली. आणि नंबर घातलेला एक कागद बाहेर पडला. त्यावर कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं होती… चौकोन, रेघा, प्रश्नचिन्हं, मध्येच एक हसरा चेहरा. तो हसरा चेहरा बघून माझ्या हातातला घास खाली पडला.

आमचा जुना शिपाई मोनप्पा दारातूनच बघत होता. तो आत आला नाही.

"पोरी, हे ऑफिस बांधायच्या आधी इथं दैवाचा, या जागेच्या राखणदाराचा, दगड होता," तो हळूच म्हणाला. "त्याला हलवला. आता आटीत तो बोलणारच. तो कागद घरात ठेवू नकोस, कुणाला दाखवू नकोस. वाहत्या पाण्यात सोड."

मी शिकलेली मुलगी. मी हसून सोडून द्यायला हवं होतं. पण मी खिडकी उघडली आणि कागद नाल्यात सोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक आला. तोही सोडला. मग रोजच… सुट्टी झाली की मी आधी खिडकी उघडून ठेवायची.

यतीशला सांगावं असं फार वाटायचं. तो आता सर्व्हरच्या खोलीत बसून तिन्ही प्रिंटरवर लक्ष ठेवायचा. पण त्याने मला आधीच छत्रीवाली ठरवली होती. त्यात भुताचे कागद सांगितले तर तो जन्मभर हसेल, असं वाटलं. आणि त्याने जन्मभर हसावं असं मनात कुठेतरी वाटत होतं, पण या कारणासाठी नाही.

मग एके दुपारी हद्द झाली. कागद आला, मी तो पाण्यात सोडला, मागे वळले, तर सुरमईच्या छोट्या पडद्यावर, जिथे एरवी 'रेडी' लिहिलेलं असतं तिथे, इंग्रजी अक्षरांत आमच्याच तुळू भाषेत लिहिलं होतं: जेवण झालं का?

मी पळाले. चप्पल तिथेच राहिली. कॉरिडॉरच्या वळणावर यतीशच्या छातीवर जाऊन आदळले.

"दैव…" मी म्हणाले. "दैव विचारतंय… जेवलीस का…"

तो आधी बघतच राहिला. मग भिंतीला टेकून हसायला लागला, आणि माझे डोळे भरलेले दिसले तसा एकदम थांबला.

"मी विचारलं, मॅडम. मीच. तो पडदा मला माझ्या टेबलावरून बदलता येतो. तुम्हाला हसू येईल असं वाटलं. चुकलं माझं."

"असं कुणी विचारतं?"

"मग कसं विचारायचं? समोर आलो की तुम्ही छत्री शोधता."

मला राग आला होता. पण त्याच्या शर्टाला पावसाचा आणि सोल्डरच्या धुराचा वास येत होता, आणि मी अजून त्याची बाही धरून उभी होते. दोघांच्याही ते उशिरा लक्षात आलं.

"तिकडून काय काय दिसतं तुम्हाला?" मी बाही सोडून विचारलं.

"कागद किती, शाई किती, कोण जागं, कोण झोपलेलं. सुरमईचं सगळं दिसतं."

"आणि मी?"

"तुम्ही नाही दिसत," तो म्हणाला. "तेवढंच वाईट आहे त्या स्क्रीनचं."

त्यानंतर रोज दुपारी सुरमई विचारायची, जेवण झालं का. मी सर्व्हरच्या दारावरून जाता जाता सांगायची, "झालं." कागदही रोज येतच होते, पण ते सांगायचा धीर मला झाला नाही, मी ते नाल्यात सोडत राहिले. एकदा त्याने माझ्या टेबलापाशी वाकून तो पडदा कसा बदलायचा ते दाखवलं. सुरमईचा पत्ता टाकायचा, पासवर्ड द्यायचा, चौकटीत लिहायचं.

"कधीतरी उत्तरही द्या तिथेच."

"नको. मी काहीतरी बिघडवून ठेवीन."

"कसली एवढी भीती तुम्हाला?"

"सगळ्याचीच. तुम्हाला नाही वाटत कशाची?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "आमच्या घरात सगळे समुद्रावर जातात," तो म्हणाला. "आजोबा, बाबा, दादा. मला पाण्याची भीती वाटते. कोळ्याचा मुलगा आणि पाण्याला भितो. ही नोकरी आहे म्हणून घरात मान वर करून जेवतो. ही गेली तर मासेमारीची बंदी उठली की दादा बोटीवर घेऊन जाईल."

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याच्यावर हसले नाही आणि तो माझ्यावर. आमच्यात काहीतरी बोलायचं बाकी आहे हे दोघांना कळत होतं. तो एकदाच म्हणाला, "आटी संपू दे, मग सांगतो." मी काय ते विचारलं नाही. विचारायचीही भीती वाटली.

पण आटी संपायच्या आतच शेणॉय सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चिठ्ठ्यांच्या कागदांचे नंबर जुळत नव्हते.

"सुरमईच्या ट्रेची किल्ली माझ्याकडे असते, प्रमिता. कागद भरतो मी, छापतेस तू. मधले कागद गेले कुठे?"

नाल्यात टाकले म्हणू? दैवाने छापले म्हणू?

"मी तुला चोर म्हणत नाही," ते म्हणाले, आणि तसं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पण उद्या मालक येतायत. कागद आण, नाहीतर खरं काय ते सांग. नंतर पोलिसात द्यावं लागेल, माझ्या हातात काही राहणार नाही."

मी जिन्यात जाऊन बसले. घरी अम्मा विड्या वळते. ऑफिसात नोकरी करणारी आमच्या घरातली मी पहिली. अम्मा शेजाऱ्यांना माझ्या टेबलाचं, खुर्चीचं वर्णन करून सांगायची. आता पोलीस दारात आले तर ती काय सांगणार?

यतीश शोधत आला. मी त्याला सगळं सांगितलं. अक्षरं, हसरा चेहरा, मोनप्पा, नाला. तो हसला नाही.

"कधी यायचे कागद?"

"सुट्टीत. तुमचा प्रश्न यायचा, त्याच्या जरा आधी."

त्याचा चेहरा उतरला. इतका, की मला माझी भीती बाजूला ठेवून त्याचीच काळजी वाटायला लागली. त्याने मला सर्व्हरच्या खोलीत नेलं, काहीतरी दाबलं आणि म्हणाला, "जा, बघ." तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. मी धावत गेले. सुरमई खोकली, घरघरली, आणि तोच कागद. तोच हसरा चेहरा.

"दैव नाही," तो माझ्या मागे येऊन म्हणाला. "मी आहे. सुट्टीत काम कमी असतं म्हणून तेव्हा मी तिघांना विचारतो, चालू आहात ना, बऱ्या आहात ना. तारली, बांगडा नीट उत्तर देतात. ही जुनी आहे. मी हिच्या ज्या दारावर टकटक करतो, तिथून ही फक्त छापायचं काम घेते. मी विचारतो, बरी आहेस ना, आणि हिला वाटतं, छाप म्हणतोय. दार चुकलं माझं… कागदांचा आकडा वाढताना दिसायचा. मला वाटायचं, काय मेहनती मुलगी आहे, जेवतानासुद्धा काम करते."

मी हसले असते. पण त्याची नजर सर्व्हरच्या खोलीकडे गेली. आणि मला कळलं, तो कसला विचार करतोय. एक बटण बंद केलं की कागद यायचे थांबणार होते. कुणाला काही कळणार नव्हतं. त्याची नोकरी राहणार होती.

"मला जरा विचार करू दे," तो म्हणाला, आणि छत्री न घेता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आटीची अवस होती. सकाळी उपाशीपोटी अम्माने सातवीणीच्या सालीचा काढा पुढे केला. वर्षाचे सगळे रोग जातात म्हणे. इतका कडू, की डोळ्यांतून पाणी येतं. मी एका दमात प्यायले. अम्मा म्हणाली, "आज नाक मुरडलं नाहीस?" यतीश येणार नाही, असं मी रात्रभर मनाशी ठरवून ठेवलं होतं. तसं ठरवलेलं असलं की कमी लागतं.

केबिनचं दार ढकललं तर तो आधीच आत उभा होता. केस ओले. टेबलावर शेणॉय सरांच्या समोर एक ताजा कागद, त्यावर हसरा चेहरा.

"चूक माझी आहे, सर," तो म्हणत होता. "मी सेटिंग चुकवलं. यांनी घाबरून कागद फेकले, आणि घाबरल्या त्याही माझ्यामुळेच."

शेणॉय सरांनी तो कागद उलटसुलट करून बघितला. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. ते नंबर रद्द झाल्याचं त्यांनी बंदरावर कळवलं. मला म्हणाले, "दैवाला घाबरतेस, तशी जरा मलाही घाबरत जा. आधी येऊन सांगायचं." आणि यतीशला म्हणाले, "मालक तुझ्या कंपनीला फोन करणारच. संध्याकाळी पासवर्ड, किल्ल्या सगळं देऊन जा. मला वाईट वाटतं, पण थांबवता येणार नाही."

माझी नोकरी राहिली. दिवसभर मी टेबलाशी बसले होते आणि एकही चिठ्ठी नीट छापता येत नव्हती. बाहेर तो एकेका प्रिंटरपाशी जाऊन काहीतरी उतरवून घेत होता. आधी तारली. मग बांगडा. शेवटी माझ्या खोलीत येणार होता.

मी सुरमईचा पत्ता टाकला. पासवर्ड टाकताना दोनदा चुकला. चौकट उघडली. बिघडलं तर बिघडलं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तो आला. सुरमईसमोर वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

पडद्यावर लिहिलं होतं: नाही झालं. तुझ्यासाठी थांबलेय.

"आटी अजून संपली नाही," तो वळून न बघताच म्हणाला.

"माहीत आहे."

"आटीत असं बोललेलं टिकत नाही म्हणतात."

"मी बोलले कुठे? लिहिलंय."

आता तो वळला. डोळे लाल झाले होते, हसतही होता.

"प्रमिता, बोटी निघाल्या की मला जावं लागेल. दुसरं काही मिळेपर्यंत तरी. मला खूप भीती वाटते गं."

"मलाही," मी म्हणाले. आणि खरंच वाटत होती, तेव्हाच समुद्राचा आवाज कानात यायला लागला होता. "मी रोज बंदरावर येईन. बोट लागली की विचारीन, जेवण झालं का."

"आणि मी धड उत्तर नाही दिलं तर? असलंच काहीतरी… चौकोन, रेघा, प्रश्नचिन्हं?"

"दे ना. मी ते नाल्यात टाकणार नाही."

त्याने किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. मी डब्याचं झाकण काढलं.