होडीच्या तळाचं दार

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या... पण ज्यांच्या घरी घडली, त्या विनायककाकांच्या डोळ्याला अजून डोळा लागत नाही.

सुरत. नानपुरा. साल १९७०, पावसाळा तोंडावर आलेला.

दोन वर्षांपूर्वीच्या पुरात तापी काकांच्या घरात शिरली होती. काका-काकू माळ्यावर बसून वाचले. पाणी ओसरलं, पण विजयाकाकूंची झोप गेली ती गेलीच.

जरा सर आली, की बाई उठून बसायच्या. मग काकाही जागे. दुसऱ्या दिवशी बँकेत बसल्या जागी पेंगायचे. दोघंही पार थकून गेले होते.

काकांना सुतारकामाचा भारी नाद. पाट झाले, चौरंग झाले, आता करायचं काय?

"अंगणात छोटी होडी बांधतो," ते म्हणाले. "होडी दारात असली की झोपशील ना?"

"झोपेन हो. आधी बांधा तरी," काकू म्हणाल्या.

सपाट तळासाठी छगन भंगारवाल्याकडून एक जुनं सागवानी दार आणलं. "पूरमां तणाईने आवेलुं छे, साहेब," छगन म्हणाला. पुरात वाहून आलेलं. कोणाच्या घरचं, कोण जाणे!

काकांनी कडी काढली, भोकं बुजवली. दारावर उमटलेली कुंकवाची बोटं मात्र रंधा मारूनही जाईनात.

तळाला डांबर लावायला होडी पालथी घातली. कडा चारी बाजूंनी जमिनीला टेकल्या.

त्या संध्याकाळी काकू देवापुढे दिवा लावत होत्या. तेवढ्यात...

टक... टक... टक...

"अहो, दारात कोणीतरी आलंय."

काकांनी दार उघडलं. कोणीच नाही.

पुन्हा... टक... टक...

आवाज अंगणातून येत होता. पालथ्या होडीच्या आतून.

काकांनी होडी कलती करून पाहिलं. खाली नुसती माती... ओली. पाऊस तर अजून पडलाच नव्हता.

मग हे रोजचंच झालं. दिवेलागण झाली की टकटक. होडीच्या सावलीला झोपणारी मांजर यायची बंद झाली.

पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असं आपल्याकडे सांगतात. काकांनाही ते ठाऊक होतं. पण त्या दिवशी बँकेतून आले ते गळूनच आले होते. चपला काढतात न काढतात, तोच... टक... टक...

"अहो, आलो, आलो! उघडंच आहे, या आत!" काका वैतागून ओरडले.

आवाज थांबला.

एकदम सगळं शांत... इतकं, की काकांनाच आपल्या बोलण्याची भीती वाटली.

त्या रात्री पाऊस कोसळला. आणि काकू गाढ झोपल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच!

सकाळी काकांनी खाली पाहिलं...

फरशीवर गाळाने माखलेली पावलं. होडीपासून निघालेली, उंबरा ओलांडून काकूंच्या पलंगापर्यंत आलेली.

परत गेलेलं एकही नव्हतं.

होडी कधीच पाण्यात गेली नाही. काकांनी ती फोडली, दार तापीत सोडून दिलं. उपयोग शून्य. पाऊस लागला, की काका पहाटेपर्यंत खुर्चीत बसून असतात.

काकू मात्र शांत झोपतात. पलंगाच्या अगदी कडेला, अंग चोरून.

"अगं, मध्ये सरक ना, पडशील," काकांनी एकदा म्हटलं.

काकूंनी डोळेही उघडले नाहीत.

"असू द्या हो... फार थकून आलेत ते."