त्राइलोच्या नावाचं पाणी

भर जुलैच्या उन्हाळ्यात गाडीचा हीटर लावायचा, असं सांगितलं की शहरातली माणसं हसतात. हसू देत बापडी. आमच्या खिंडीवरून जुनी गाडी न्यायची तर दुसरा इलाज नाही. इंजिनाची उष्णता कुठूनतरी बाहेर काढायलाच हवी. रेडिएटरला झेपत नसेल तर ती आपल्या पायांवर घ्यायची. खिडक्या उघडायच्या, हीटर पूर्ण सोडायचा आणि गुडघे भाजत बसायचं. मी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, मला त्यात काही नवल वाटत नाही. माझा नवरा त्राइलो मात्र खिंड आली की आधी छातीवर क्रूस काढायचा आणि मग हीटर लावायचा. मी म्हणायचे, "देवाला कशाला त्रास? पाणी तपासलंस का ते सांग."

गाडी त्याची भारी लाडकी. मला हात लावू द्यायचा नाही. "तू क्लच जाळतेस," म्हणायचा. त्या दुपारी मात्र तोच किल्ली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"फ्लोरिका, गाडी काढ. घोणस चावली."

मला वाटलं चेष्टा करतोय. गोठ्यामागच्या जुन्या फळ्या हलवायला गेला होता. ऊन इतकं की कोंबड्यासुद्धा चोच वासून सावलीला पडलेल्या. त्याने मनगट पुढे केलं. दोन ठिपके होते आणि त्याभोवतीची कातडी एवढ्यातच जांभळी व्हायला लागली होती. आमच्याकडच्या घोणशीच्या नाकावर शिंग असतं, आणि त्राइलोचं काळीज आधीच गोळ्यांवर चालणारं. मी फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलीय, उन्हाने माणसं पटापट पडताहेत. तुम्हीच त्यांना जायेचारच्या इस्पितळात घेऊन या, लवकर पोचाल.

घरात भरलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या तेवढ्या उचलल्या. नळाला पाणी नव्हतंच, ओढा जूनमध्येच आटला होता.

चढ सुरू होईपर्यंत त्याचा हात कोपरापर्यंत सुजला. तरी तोंड चालूच. "दुसरा गिअर. दुसरा, दुसरा! अगं बाई, तिला काय उचलून नेतेयस?"

"तू गप्प बस. बोलू नको, हात हलवू नको."

"हात हलवत नाही. जीभ हलवतोय. तिला नाही चावली."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. डांबर मऊ झालं होतं, चाकांखाली चिकटून चरचर वाजत होतं. हीटरमधून भट्टीसारखी हवा पायांवर येत होती. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधून हलला, लाल पट्ट्याकडे सरकला आणि तिथे चिकटला. मग गोडसर, जळकट वास आला, आणि बोनेटच्या फटीतून वाफ.

"थांबव," त्राइलो म्हणाला. "नाहीतर इंजिन जाम होईल."

वळणावर एका मेलेल्या माणसाच्या नावाने बांधलेली पाणपोई आहे, तिथे मी थांबले. दगडी डोणीत पानं आणि धूळ. नळ फिरवला तर आत नुसती हवा सुस्कारली. बोनेट उघडून पोतं हातावर गुंडाळलं, रेडिएटरचं टोपण अर्धं फिरवलं आणि मागे सरले. वाफ ओकून झाल्यावर पाहिलं, वरचा रबरी पाईप चिरला होता. ओढणी फाडून त्यावर घट्ट आवळली. आता पाणी ओतायचं.

त्राइलोचे ओठ पांढरे पडले होते. "फ्लोरिका, घसा वाळला गं."

माझ्या हातात दोन बाटल्या. एका बाजूला तो, एका बाजूला ती गाडी, आणि दोघांना पुरेल एवढं पाणी नाही. असला हिशेब देवाने शत्रूलाही घालू नये. मी बाटली त्याच्या तोंडाशी नेली. एक घोट घेऊन त्याने तोंड फिरवलं.

"तिला दे. ती चालली तर मी जगेन."

ओतलं. धार थोडी थोडी सोडत ओतलं, कारण तापलेल्या लोखंडावर गार पाणी एकदम पडलं तर ते तडकतं. दोन्ही बाटल्या संपल्या. गाडी चालू झाली, दोनतीन वळणं चढली, आणि हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली. ज्याला ठाऊक नाही त्याला बरं वाटेल. मला ठाऊक होतं: हीटर गार पडला म्हणजे आत पाणीच उरलं नाही. माझ्या तोंडचंही पळालं. मी गाडी कडेला घेतली.

फोनला रेंज नव्हती. रस्त्यावर कुणी नाही. अशा उन्हात कोण घराबाहेर पडतंय? त्राइलोची मान एका बाजूला कलली होती, सूज खांद्यापर्यंत चढली होती. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडले. शिव्याही दिल्या, देवाला, गाडीला, त्या फळ्यांना. झाडांतले किडे तेवढे करकरत होते, आणि एकदम तेही थांबले.

खालून एक बाई कावड घेऊन येत होती.

काळा रुमाल, काळा घागरा, अनवाणी. दोन्ही बादल्या काठोकाठ भरलेल्या, आणि चढावर एक थेंब सांडत नव्हता. बादलीच्या कडीला सब्ज्याची डहाळी बांधलेली. ती डहाळी पाहून मी ओळखलं. आमच्यात माणूस गेला की सहा आठवडे त्याच्या नावाने पाणी वाहतात. मेलेल्याला तिकडे तहान लागते म्हणतात. कुणी पोक्त बाई किंवा लहान पोर रोज खेप घालते. सहा आठवडे भरले की ती ओढ्याकाठी साक्षीदार उभे करून पाणी मोकळं सोडते, आणि तो जीव कायमचा निघून जातो. माझ्या सासूच्या वेळी मी हे सगळं केलं होतं. विश्वास म्हणून नाही, लोक बोलतील म्हणून. असलं पाणी कुणी मागत नाही, एवढंही मला माहीत होतं.

आसपास कुणी गेल्याचं कानावर नव्हतं. आणि ओढे आटलेले असताना हिने भरलं तरी कुठून? हे दोन्ही विचार डोक्यात आले, पण मी ते बाजूला सारले. पाणी पाहिलं की माणूस दुसरं काही बघत नाही.

"मावशी, पाणी द्या. माझ्या नवऱ्याला घोणस चावलीय."

ती थांबली. चेहरा रुमालाच्या सावलीत. "हे पिण्याचं नाही."

"प्यायला नको. गाडीत घालायचंय."

"कुणाच्या नावाने?"

"तुम्ही ज्याचं नेताय त्याच्या. मला काय!"

"त्याचे आठवडे भरले," ती म्हणाली. "हे अजून कुणाचं नाही. नाव सांग, मग देते."

माझं डोकं फिरलं. इथे माणूस मरायला टेकलाय आणि ही रीतभात घेऊन बसलीय! गाडीत त्याचा श्वास घरघरत होता. मला दुसरं नाव सुचलंच नाही. त्या घटकेला जगात दुसरं नाव नव्हतंच.

"त्राइलोच्या! त्राइलोच्या नावाने द्या, पण लवकर द्या!"

"साक्षीला कोण?"

"मी! मी आहे साक्षीला. ओता आता!"

तिने कावड उतरवली आणि बादली उचलून माझ्या हातात दिली.

मी ओतलं, दोन्ही बादल्या. लोखंडाला हात लावला असता तर कातडी सोलली असती. पण पाणी आत गेलं आणि चुर्र झालं नाही.

वाफसुद्धा निघाली नाही.

मी टोपण लावलं, बोनेट आपटलं, आभार मानायला वळले. ती बादल्या अडकवून खिंडीकडे चढूही लागली होती. मी स्टिअरिंगमागे बसले. त्राइलोचे डोळे उघडे होते. त्याने सगळं ऐकलं होतं. कसाबसा हसला.

"गाडीच्या नावाने मागायचं की, वेडे."

मी किल्ली फिरवली. इंजिनाचा आवाज इतका हलका होता की मला वाटलं ते चालूच झालं नाही.

काटा खाली यायला लागला. मधोमध आला, मग पहिल्या खुणेवर, मग तिच्याही खाली जाऊन आडवा पडला. खिंडीचा सगळ्यात खडा चढ होता आणि काटा आडवा.

रस्ता सरळ दिसत होता. कावडवाली बाई त्यावर कुठेच नव्हती.

हीटरमधून गार हवा यायला लागली. ओल्या मातीचा वास, सब्ज्याचा वास. मी हीटर बंद केला.

हवा थांबली नाही.

माझ्या बोटांना गारठा चढला. काचेवर आतून दव धरलं, बाहेर आग ओकणारं ऊन.

"त्राइलो?"

"हं."

"तहान लागलीय का रे?"

"नाही," तो म्हणाला. आवाज अगदी स्वच्छ होता. "आता अजिबात नाही."

इस्पितळात तो स्वतःच्या पायांनी आत गेला. डॉक्टरीणबाईंनी दातांच्या खुणा पाहिल्या. विष शिरलंच नसावं म्हणाल्या, असं होतं कधी कधी. मी म्हटलं, अहो, खांद्यापर्यंत सुजला होता. त्यांनी त्याचा हात उलटसुलट करून मलाच विचारलं, "कुठला हात?" दोन दिवस ठेवून घेतला आणि घरी सोडला.

घरी आल्यावर आधीसारखाच. जेवतो, पत्ते कुटतो, माझ्याशी भांडतो. फक्त पाणी पीत नाही. आधी मी लक्ष दिलं नाही. मग शेजाऱ्यांनी पुढे केलेला रकियाचा, फळांच्या दारूचा, पेला त्याने परत केला, आणि त्राइलो रकिया परत करतो म्हटल्यावर मी हातातलं काम टाकून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आत्ताच प्यायलो," तो म्हणाला.

"कुठे?"

"अंगणात. ती आणून देते ना."

तेव्हापासून मी रोज दुपारी गाडी काढते. खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या गावांत दारोदार विचारून आले: कावड कोण वाहतं, कुणी गेलंय का? कुणी नाही. आता रेडिएटर रिकामा करते, हीटर बंद ठेवते, पहिल्याच गिअरमध्ये इंजिन किंचाळेपर्यंत तिला चढावर रेटते. देवाला न मानणारी मी, स्टिअरिंगवर कपाळ टेकून म्हणते, तापव रे, एकदा तरी उकळू दे. गाडी अडली तरच ती कावडवाली येईल ना? काटा हलत नाही. त्या जागेवर थांबते, टोपण उघड्या हाताने काढते. ते विहिरीच्या कडीसारखं गार लागतं. मग रस्त्यात उभी राहून ओरडते, "माझं चुकलं! त्याचं नाव परत दे! माझं घे, ऐकतेस का, माझं घे!" घसा बसेपर्यंत ओरडते आणि घरी येते.

काल संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात शेंगा सोलत बसलो होतो. उकाड्याने माझा झगा पाठीला चिकटलेला. त्याचा सदरा कोरडा ठाक. मिशा तेवढ्या ओल्या.

"आली होती?" मी विचारलं. शेंगांकडेच बघत विचारलं.

"आत्ताच गेली. चांगली बाई आहे, तुझ्यासारखी कटकट करत नाही."

"काही बोलली?"

"म्हणाली, आता थोड्याच खेपा उरल्यात." त्याने मिशा पुसल्या आणि पुढची शेंग हातात घेतली. "आणि म्हणाली, साक्षीदारणीला सांग, पाणी सोडायच्या दिवशी गावाला जाऊ नको."