कार्बनखालचं कोरं पान

नागपुरात सक्करदऱ्याच्या अभ्यासिकेत करिष्मा आणि नागसेन यांचं पहिलं बोलणं झालं ते टेबलामुळे. टेबल हलत होतं, आणि करिष्माची प्रत्येक ओळ उताराला लागल्यासारखी खाली घसरत होती.

"अहो, लिहून राहिले की खिळे ठोकून राहिले?"

समोरच्याने मान वर केली. डोळे शांत, बोटं मात्र पेनवर आवळलेली.

"सॉरी... बिल्टीची सवय आहे."

"कशाची?"

"बिल्टी. ट्रकसोबत मालाचा कागद जाते ना, तो. वाडीले ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये मी तोच लिहितो. मधात तीन कार्बन. चौथी प्रत ड्रायव्हरची. ती वाचता नाही आली, तर जबलपूरचे पंखे भलतीकडेच पोचते."

करिष्माने त्याचं पान उलटून पाहिलं. मागून ते डोळे मिटूनही वाचता आलं असतं.

"परीक्षेत असंच लिहिता?"

"मागच्या वर्षी लिहिलं. दोन तासांत बोटं सुन्न. शेवटचे दोन प्रश्न राहिले. उत्तरं येत होती... हात येत नव्हता." तो थांबला. "यंदाही राहिलं, तर मालक हैदराबादच्या शाखेत पाठवणार. कायमचं."

सरकारी नोकरीच्या मुख्य परीक्षेला वीस दिवस होते. तीच परीक्षा करिष्माही देणार होती.

"पण हा पेन तर निळा आहे. परीक्षेत काळाच बॉलपेन लागते."

"तो त्या दिवशी सकाळी घेईन म्हटलं."

लग्नाच्या दिवशी सकाळी बूट घ्यायला निघालेल्या नवरदेवाकडे पाहावं, तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती सामान घेऊनच आली. उत्तरपत्रिकेसारखे आखलेले कागद, एकाच जातीचे पाच काळे बॉलपेन, आणि — एक कार्बन.

"हे तर माझंच हत्यार!"

"हो. आता उलटं चालवायचं. खालचं पान कोरं आलं पाहिजे."

रोज संध्याकाळी घड्याळ लावून दोघं लिहीत. वेळ संपली की ती कार्बन उचले. पहिल्या दिवशी खालची प्रत इतकी ठसठशीत आली, की अभ्यासिकेचे व्यवस्थापक वामनराव तीच वाचून म्हणाले, "वा! अक्षर सुधारलं गा तुझं."

आठव्या दिवसापर्यंत अक्षरं फिकी झाली. मग एकदा करिष्माने त्याच्या मनगटावर बोट ठेवून सांगितलं, "इथं जोर नको..." त्या दिवशी तिन्ही उत्तरं खाली काळीकुट्ट उमटली. तिनं या गोष्टीची शास्त्रीय नोंद घेतली आणि पुन्हा बोट ठेवलं नाही. चांगले दोन दिवस.

अठराव्या दिवशी पूर्ण तीन तासांचा पेपर. तिनं कार्बन उचलला. निबंध — कोरा. सारांश — कोरा. पत्रही कोरंच... फक्त एक ओळ सोडून. 'प्रति, कु. करिष्मा.' त्यातल्या 'ष्मा'नं तर कागदच फाडला होता.

"पत्रात काल्पनिक नाव लिहायचं असते," ती हळूच म्हणाली.

"हो."

"हे काल्पनिक आहे?"

त्याला पेनचं टोपण काही केल्या सापडेना. ते त्याच्या खिशालाच होतं.

"नाही," तो म्हणाला.

सक्करदऱ्याच्या तलावाकडून ओलसर वारा आला, तरी करिष्माचे कान तापलेलेच.

"परीक्षेत वामनराव लिहा. हात हलका राहीन," ती म्हणाली, आणि बराच वेळ पर्समध्ये काहीबाही शोधत राहिली.

परीक्षेला दोघांची केंद्रं वेगवेगळी होती. पेपर सुटताच ती ऑटो करून त्याच्या केंद्राच्या फाटकाशी आली. सगळी पोरं बाहेर पडली. नागसेन शेवटी आला, फोन खिशात ठेवत.

तिनं नुसत्या भुवया उंचावल्या.

"पूर्ण झाला. अकरा मिनिटं उरली."

तिनं श्वास सोडला. "मग अकरा मिनिटं काय केलं?"

"विचार केला. आता बाहेर आलो आणि मालकाले फोन लावला. हैदराबादले जात नाही, वाडीलेच राहतो म्हटलं. निकाल काही लागो."

"काहून?"

"मले नागपुरात... काम आहे."

"कोणतं?"

"तुझ्यासोबत राहायचं." तो स्वतःच दचकला. "म्हणजे — तुमची हरकत नसेल तर..."

तिनं ओढणीचं टोक उगाच सरळ केलं. मग म्हणाली, "रविवारी घरी ये. बाबा विचारतील, मुलगा काय करते. काय सांगशील?"

"वाडीले बिल्टी लिहितो म्हणीन. साहेब झालो तर मग तेही सांगीन."

"बस, तेवढंच सांग. आणि आई जे वाढीन, त्याले नाही म्हणू नको गा." ती ऑटोकडे वळली, आणि मान न फिरवताच म्हणाली, "मी तरी तुले कुठं नाही म्हटलं?"