ओळ दोनशे चौदा

जुन्नरच्या बाजारपेठेत एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक खोली, तीन टेबलं आणि लग्नसराईत भांड्यांवर नावं घालायच्या यंत्राचा खालून दिवसभर येणारा किर्र आवाज. पाहुणे विचारतात, तुम्ही नेमकं करता काय? मी सांगते, ऑपरेटिंग सिस्टीममधली फाइल सिस्टीम लिहितो. म्हणजे डिस्कवर फाइल कुठे ठेवायची, परत कशी शोधायची आणि मध्येच लाईट गेली तर ती कशी वाचवायची, ते. यावर बहुतेक जण चहा पितात आणि विषय बदलतात.

हे काम मला भिमाजी सरांनी शिकवलं. पुण्यात वीस वर्षं नोकरी करून सर परत आले आणि त्यांनी सुदर्शनला आणि मला हाताशी धरलं. आमची सिस्टीम धरणांवर पाण्याची पातळी नोंदवणाऱ्या छोट्या यंत्रांत चालते. तिथली लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे एकाचा कोड दुसऱ्याने तपासायचा, तेव्हा सरांचा प्रश्न एकच. एखाद्या ओळीसमोर ते लिहायचे, "हितं लाईट गेली तर?" बस्स. चुकलंय असं कधी म्हणायचे नाहीत. आपणच ती ओळ चारदा वाचायची आणि पाचव्यांदा घाम फुटायचा.

बाकी नियम साधे होते. ओळ ऐंशी अक्षरांच्या पुढे न्यायची नाही, एका फंक्शनने एकच काम करायचं. आणि कोड ज्याने तपासला त्याने खाली "बघितलं" असं लिहायचं. आपल्याच कोडखाली आपण ते लिहायचं नाही. सर मात्र "बगितलं" लिहायचे. आम्ही दोघं खो खो हसायचो.

"आमी बोलतो तसं लिवतो," सर म्हणायचे. "तुमाला कळलं न्हवं? मग झालं तर."

मीही तेव्हा कमी आगाऊ नव्हते. सरांचं घर जुन्या आंबेगावाजवळच्या एका वाडीत होतं, ते डिंभे धरणात गेलं. वाडीत विजेचे खांब पोचले होते, पण तारा यायच्या आत पाणी आलं. एकदा सरांनी डिंभ्याच्या यंत्रासाठी कोडमध्ये एक जास्तीचा रकाना घातला: "उंबऱ्यावर पाणी". आपल्या घराच्या उंबऱ्यावर आज किती मीटर पाणी आहे, तो आकडा. तपासायला कोड माझ्याकडे आला. मी ऐटीत लिहिलं, "पातळी धरणाच्या माथ्यापासून मोजायची. नियम तुमचाच आहे." सरांनी मुकाट्याने रकाना काढून टाकला. "बराबर हाय, नूतन," एवढंच म्हणाले. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

गेल्या मार्गशीर्षात सर गेले. त्याआधी दवाखान्यात त्यांनी माझ्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. डिंभ्याच्या यंत्रातल्या चौदा वर्षांच्या नोंदी जाऊ द्यायच्या नाहीत. यंत्र जुनं होतं. कार्ड घालून त्यात नवा कोड चढवता यायचा, पण नोंदी बाहेर काढता यायच्या नाहीत. ती सोय करणारा कोड मी मे महिन्यात लिहायला घेतला. जुनी नोंद उचलायची, नव्या पद्धतीने लिहायची, जुनी पुसायची. एकशे नव्वद ओळी झाल्यावर तेवढ्याच मी तपासायला सुदर्शनकडे पाठवल्या. तो आता पुण्यात असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेरा आला होता.

"ओळ २१४: हितं लाईट गेली तर?"

लिहिणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. सुदर्शन पूर्वी सरांची नक्कल फार छान करायचा. मला राग आला आणि मी त्याला फोन लावला.

"मस्करी पुरे, सुदर्शन. सरांच्या नावाने तरी नको."

"कसली मस्करी? मी अजून फाइल उघडली पण नाय."

मी शेरा वाचून दाखवला.

"सरांचं खातं मीच बंद केलंय," तो म्हणाला. "दशक्रियेच्या दुसऱ्या दिवशी. आणि ओळ दोनशे चौदा कुठंय त्यात?"

ती नव्हतीच. फाइल एकशे नव्वदला संपत होती. कसलातरी जुना शेरा भलत्या जागी चिकटला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि पुढे लिहायला लागले. शुक्रवारी काम संपलं. वरपासून वाचत आले. खाली यंत्र किरकिरत होतं, कुणाच्या तरी रुखवताच्या कळशीवर नाव पडत होतं.

दोनशे चौदाव्या ओळीवर मी जुनी नोंद पुसत होते. नवी नोंद डिस्कवर पक्की होत होती दोनशे पंधराव्या ओळीवर.

या दोन ओळींच्या मध्ये लाईट गेली असती, तर जुनं गेलं असतं आणि नवं आलंच नसतं. शिकाऊ पोरीची चूक. मी ओळींची अदलाबदल केली आणि बराच वेळ हात मांडीत घेऊन बसून राहिले. सरांची इतकी आठवण आली की उठून खिडकीशी गेले.

सुदर्शनने सगळं वाचून खाली "बघितलं" लिहिलं. घ नीट होता. का कोण जाणे, मला वाईट वाटलं.

मंगळवारी एसटीने घोडेगावला उतरले. धरणावर नोंदी ठेवणारे सोमाजीभाऊ मोटरसायकल घेऊन आले होते. यंत्राची खोली धरणाच्या भिंतीला लागून. बाहेर पाणी पार खाली गेलं होतं, काठाला चिखल तडकला होता.

"भिमाजींच्या वाडीवर अजून दोन पुरुष पाणी हाय, ताई," सोमाजीभाऊ म्हणाले. "औंदा काय दिसायचं न्हाई."

यंत्र दर दहा मिनिटांनी एक नोंद करतं. वेळ, पातळी आणि शेरा. गेट उघडलं, काटा साफ केला, असलं काहीबाही सोमाजीभाऊ शेऱ्यात टंकतात. दोन चाळीसची नोंद झाली आणि मी कार्ड घातलं. जुन्या नोंदी एकेक करून नव्या व्हायला लागल्या.

दोन चव्वेचाळीसला पंखा थांबला.

यंत्राचा दिवाही विझला. त्याला बॅटरी नाही. सोमाजीभाऊंनी माठातलं पाणी दिलं, ते मी तसंच खाली ठेवलं. चौदा वर्षं त्या डब्यात होती आणि मी सरांना शब्द दिला होता.

तीन वाजून सहा मिनिटांनी लाईट आली. मी नोंदी मोजल्या. सगळ्या होत्या, एक न एक. उरलेल्या आपोआप नव्या होत गेल्या आणि काम पुरं झालं. मी तिथेच पदराने डोळे पुसले. सोमाजीभाऊ भले माणूस, बाहेर बघत राहिले.

मग शेवटचं पान उघडलं. लाईट नव्हती, तेव्हा दोन पन्नास आणि तीनच्या नोंदी नसणारच.

तीनची नव्हती.

दोन पन्नासची होती. पातळीचा रकाना कोरा. शेऱ्यात लिहिलं होतं:

"उंबऱ्यावर शून्य. बगितलं."

"सोमाजीभाऊ, हे तुम्ही लिहिलंत?"

"यंत्रच बंद व्हतं की, ताई. मी तुमच्यासंगं हितंच हाय."

नियमाप्रमाणे ती ओळ पुसायला हवी होती. पातळी माथ्यापासून मोजायची. एकदा मी तसं करायला लावलं होतं, आता लावणार नव्हते. कीबोर्ड जवळ ओढला आणि त्याच शेऱ्यापुढे टंकलं:

"सर, लाईट गेली होती ना?"

कीबोर्ड उचलून मांडीवर घेतला, त्यावर दोन्ही हात ठेवले. सोमाजीभाऊ दारात उभे होते. डोक्यावर पंखा फिरत होता.

तीन दहाची नोंद वेळेवर आली. पातळी बरोबर, माथ्यापासून मोजलेली. शेऱ्यात तीन शब्द होते.

"हितं न्हाई गेली."