थर्मनच्या सळया

रॉइस टीगच्या घरात माणसांचे पाय चार आणि गिटारींचे अठ्ठावीस, असं त्याची बायको नेल्डा येईल त्या पाहुण्याला सांगायची. तक्रार खोटी नव्हती. पेडल स्टील म्हणजे काही खांद्याला अडकवून मिरवायची गिटार नव्हे. ती टेबलासारखी चार पायांवर उभी असते. वाजवणारा तिच्यापुढे स्टुलावर बसून पोलादी दांडा तारांवरून सरकवतो आणि खाली डाव्या पावलानं पेडलं दाबतो, गुडघ्यांनी पट्ट्या ढकलतो. तारा ताणल्या जातात आणि सूर रडू लागतात. अशा सात गिटारी रॉइसनं पूर्व टेक्सासभर फिरून लोकांच्या कोठारांतून आणि कोंबड्यांच्या खुराड्यांतून उचलून आणल्या होत्या. किलगोरच्या कारखान्यात तेलविहिरींची अवजारं घडवण्यात आयुष्य गेलेला माणूस. गंज दिसला की त्याच्या हाताला खाज सुटायची.

मात्र त्याचं यश दुरुस्तीपुरतंच. त्याच्या हातून नीट झालेल्या गिटारी दुसऱ्यांनी स्टेजवर नेल्या, त्याला कुणी बोलावलं नाही. शनिवारी लॉजच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या मंडळाच्या, हॉलमध्ये नाच असे, तिथे तो इतरांसारखा तिकीट काढून जायचा. याच फरशीवर त्याला नेल्डा भेटली होती आणि लग्नापासून शेवटचा वॉल्ट्झ त्या दोघांनी कधी चुकवला नव्हता. त्या उन्हाळ्यात बँडचा स्टीलवाला मुलीकडे ह्यूस्टनला राहायला गेला आणि बँडचा मालक डब हार्गिस रॉइसला म्हणाला, "ये बाबा, आता तूच उरलास." मान असा मिळाला, पण मिळाला. त्यासाठी रॉइसला हवी होती एक खरोखर गाणारी गिटार, आणि थर्मन स्ट्राउड नावाच्या वादकाची विधवा त्याची गिटार विकतेय असं त्याच्या कानावर आलं.

स्ट्राउडांचं घर तांबड्या मातीच्या रस्त्याच्या टोकाला, पाइनच्या झाडीत होतं. जुलैची दुपार, हवा हलत नव्हती. थर्मनची बायको मिस ओपल (इथे वयस्क बाईला, विधवेलासुद्धा, आदरानं मिसच म्हणतात) व्हरांड्यात उभी होती, पाठ ताठ, निळ्या फुलांचा झगा. आमच्याकडे दारात बायबल विकायला आलेल्यालासुद्धा बर्फ घातलेला गोड चहा विचारतात. तिनं रॉइसला विचारला नाही.

"गिटारीसाठी आलोय, मिस ओपल."

"ते दिसतंय." ती त्याच्या बुटांकडे बघत होती. "उंची किती रे तुझी? थर्मनएवढाच दिसतोस. नाचतोस का?"

"दर शनिवारी. बायकोबरोबर."

"बायको आहे," ती म्हणाली. कलिंगडाला डाग निघावा तसं म्हणाली.

गिटार पुढच्या खोलीत खिडकीशी मांडलेली होती. थर्मनला जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण तिच्यावर धुळीचा कण नव्हता आणि स्टुलाच्या गादीला बसलेल्या माणसाचा खळगा तसाच होता. दर्शनी फळीवर, लोकांना दिसेल असं, शिंपल्याच्या अक्षरांत त्याचं नाव: थर्मन. आमच्या भागात ही रीतच आहे. रॉइस गुडघ्यावर बसला आणि सवयीनं आधी खालून पाहू लागला. खालचा मामला विचित्र होता. पेडलं ज्या सळयांना लटकतात त्या फार आखूड होत्या, त्यामुळे पेडलं उंच आणि तिरपी राहिलेली. डाव्या गुडघ्याची पट्टी तर आत वाकवलेली.

"पोलिओ झाला होता त्याला लहानपणी," मागून ओपल म्हणाली. "डावा पाय आखूड, पाऊल आत वळलेलं. तरी नाचायचा. दुसरीला जमायचं नाही त्याच्याबरोबर, मला जमायचं."

"हे सगळं सरळ करून घेतो मी. माझ्या पायाला बसेल असं."

"करू नकोस. जुळवून घ्यायचं ते वाजवणाऱ्यानं घ्यावं. ही घेणार नाही."

नवऱ्याच्या वस्तूला हात लावू देत नाहीत अशा विधवा रॉइसनं पुष्कळ पाहिल्या होत्या. आपण गिटार घेतली की ती आपल्या पायाला बसवायची, हा तर या धंद्याचा पहिला धडा. त्यात पाप ते काय?

"मग विकताय कशाला?" त्यानं विचारलं.

"एकटीनं किती दिवस काढायचे?" ती म्हणाली. त्यानं दिलेले पैसे तिनं न बघता झग्याच्या खिशात टाकले आणि गिटारीची पेटी गाडीत चढवताना दार काही धरलं नाही. "ऐकायला येईन मी," ती व्हरांड्यातून म्हणाली. "तू तयार झालास की."

पुढचे काही दिवस रॉइस सुखात होता. गिटार सुटी करून त्यानं एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवला, जुन्या दातब्रशानं खरवडला, कापडानं पुसून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडला. लाकडाला पॉलिश चढलं तसं त्यातून मेपलची नागमोडी शीर वर आली. थर्मनच्या आखूड सळया कॉफीच्या रिकाम्या डब्यात गेल्या आणि लेथवर आपल्या मापाच्या नव्या सळया त्यानं करून घेतल्या. वाकडी पट्टी मात्र हटवादी निघाली. शिकंज्यात धरून, वर लोखंडी नळी चढवून, अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा कुठे ती सरळ झाली, आणि झाली तेव्हा असा काही आवाज आला की नेल्डा स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं, याचं हाड मोडलं.

शेवटी त्यानं सगळ्या चाक्या आवळल्या आणि प्रत्येक चाकीवर नेल्डाच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. चाकी जरा जरी फिरली तरी ठिपका तडकतो, ही त्याची जुनी युक्ती. मग तो स्टुलावर बसला. मापानं शिवलेल्या सदऱ्यासारखी गिटार त्याच्या पायांवर बसली. पहिलाच सूर घरभर गेला आणि नेल्डा दारात पीठ लागलेले हात तसेच धरून उभी राहिली.

"आज आठवी आली म्हणून मी भांडणार होते," ती म्हणाली. "राहू दे."

आठवड्यानं पेडलं खाली गेली.

म्हणजे त्याला तसं वाटलं. पाऊल पेडलावर पोचेना, टाच उचलून चवड्यानं शोधावं लागे. सळई ढिली पडली असणार म्हणून तो खाली वाकला, तर लाल ठिपके अखंड. मग त्यानं स्टूल बदललं, पुढे सरकवलं, खाली जाडं पुस्तक घातलं. डाव्या गुडघ्याची पट्टीही नको तेव्हा लागू लागली. त्याच्या गुडघ्यावर आतल्या बाजूनं काळानिळा वळ उठला. त्यानं पट्टीला सरळ फूटपट्टी लावून बघितली. पट्टी सरळ होती.

तालमीत त्यानं दोन गाण्यांची माती केली.

"काय झालं?" डबनं विचारलं.

"स्टूल उंच आहे."

"मघाशी बुटकं होतं म्हणालास." डबनं गळ्यातलं वाद्य उतरवलं. "नाचता येईना अंगण वाकडं. हे बघ रॉइस, तुझी दया म्हणून घेतलं नव्हतं मी. टायलर गावचा एक स्टीलवाला रोज फोन करतोय. या शनिवारी नीट वाजवलंस तर खुर्ची तुझी, नाहीतर परत तिकीट काढून ये."

बाकीचे हसले. रॉइसच्या कानशिलांवर रक्त चढलं. वय झाल्यावर होणारा अपमान फार लागतो, कारण तो धुऊन काढायला वेळ उरलेला नसतो.

घरी नेल्डा शनिवारच्या विजारीचा काठ मोडायला बसली होती. त्याला उभं करून ती त्याच्या पायांशी बसली, तोंडात टाचण्या धरून. डावा काठ जमिनीला लागत होता.

"सरळ उभा राहा."

"सरळच आहे."

तिनं दोन्ही काठ हातात धरून बघितले, मग त्याच्या पायाच्या घोट्यावर हात ठेवला. दाराशी त्याचे बूट पडले होते, त्यातल्या डाव्याची टाच एकाच कडेनं झिजली होती.

"आवाज येतो तुझ्या चालण्याचा," ती टाचण्या काढून म्हणाली. "एक पाऊल पडतं, एक घासतं. रविवारपासून ऐकतेय. आधी वाटलं घरात कुणी दुसरंच चालतंय."

लाँगव्ह्यूच्या डॉक्टरनं पायाचा फोटो काढला आणि उजेडावर धरला. "यात आता करण्यासारखं काही नाही. जुनं आहे. किती वर्षांचे होता तेव्हा?"

"कशाच्या वेळी?"

"पोलिओच्या."

रॉइसनं त्याला सांगितलं की तो लष्करात होता, दोन्ही पायांवर मैलोन् मैल चालला होता. डॉक्टर समजूतदारपणे हसला. अशा पायानं लष्करात घेत नाहीत, म्हणाला.

परत येताना गाडीत नेल्डा समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "ती गिटार परत देऊन ये. आजच."

"शनिवार होऊ दे."

"मला त्या खुर्चीशी काय करायचंय? मला तू होतास तसा हवास."

"एक शनिवार, नेल्डा. जन्मात एक." त्याला भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण टायलरचा माणूस त्या खुर्चीत बसलेला डोळ्यांपुढे आला की भीतीपेक्षा ते जास्त झोंबत होतं.

शुक्रवारी त्यानं कॉफीचा डबा उघडला आणि थर्मनच्या सळया परत बसवल्या. पट्टी पुन्हा वाकवायची तर शिकंजा लागेल म्हणून त्यानं नळी शोधायला घेतली, आणि जाता जाता सहज पट्टीला हात लावला. ती वाकली. मेणाची असल्यासारखी, थर्मनच्या वेळी होती तिथवर.

तो बसला. पाऊल आपोआप पेडलावर गेलं.

शनिवारी लॉजमध्ये उन्हं कलायच्या आधीच गर्दी झाली. तळलेल्या कॅटफिशचा वास, पाय सरकावेत म्हणून फरशीवर भुरभुरलेलं मक्याचं पीठ, गरगरणारे पंखे. रॉइसनं वाजवलं तसं त्या हॉलमध्ये अकरा वर्षांत कुणी वाजवलं नव्हतं. डब गाता गाता वळून बघू लागला, एकदा शब्दही चुकला. जे सूर रॉइसला येत नव्हते तेही त्याच्या पावलाला येत होते. हात नुसते मागोमाग जात होते.

"थर्मन, अजून एक होऊ दे," फरशीवरून कुणी अनोळखी ओरडलं. फळीवरचं नाव वाचलं असणार. परगावचे लोक नेहमी ही चूक करतात.

"होऊ दे," रॉइस म्हणाला.

नेल्डानं समोरच्या खुर्चीत त्याची टोपी मांडीवर घेतली होती. तिनं ते ऐकलं.

शेवटचा वॉल्ट्झ आला. बँडवाल्यांतला ज्याचा जोडीदार हॉलमध्ये असेल त्यानं या गाण्याला खाली उतरायचं, बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं, ही तिथली जुनी रीत. "जा," डब म्हणाला. "खुर्ची तुझी. आता बायकोला घे."

रॉइस उतरला. एक पाऊल पडलं, एक घासलं.

नेल्डानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्याच गिरकीला तिचा पाय त्याच्या बुटाखाली आला. दुसऱ्यांदा दोघं शेजारच्या जोडीवर आदळली. तिसऱ्यांदा ती थांबली. इतक्या वर्षांत ती फरशीच्या मध्यात कधी थांबली नव्हती.

"मला येत नाहीये, रॉइस," ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "कुठे पाय टाकायचा तेच कळत नाहीये."

तेवढ्यात तिच्या खांद्यावर कुणीतरी दोन बोटं टेकवली.

निळ्या फुलांचा झगा. ताठ पाठ.

"मी घेऊ?" मिस ओपल म्हणाली.

नाचताना कुणी असं विचारलं की बाजूला व्हायचं असतं. नेल्डा बाजूला झाली. पाय सवयीनं मागे सरले आणि मग तिला वाटलं, व्हायला नको होतं.

ओपलचा हात थंड आणि कोरडा होता. ती त्याच्या पायांकडे बघतही नव्हती. प्रत्येक फेऱ्याला, त्याचं डावं पाऊल उचलायच्या क्षणभर आधी, ती आपला खांदा किंचित वर करी आणि थांबे. पाऊल आत वळून पडलं की पुढे निघे. एकदाही चुकली नाही.

रॉइसनं मान वळवून नेल्डाला शोधलं.

"तिकडे बघू नकोस," ओपल त्याच्या कानाशी म्हणाली. "ठेका जातो तुझा. नेहमीचंच आहे."

गाणं संपलं. लोक टाळ्या वाजवत होते. भिंतीपाशी नेल्डा त्याची टोपी दोन्ही हातांनी धरून उभी होती, तिचे ओठ त्याचं नाव घेताना हलले. ते नाव त्याला ऐकू आलं नाही.

ओपलनं त्याचा हात सोडला नव्हता.

"चहा करून ठेवलाय घरी," ती म्हणाली. "बर्फ वितळायच्या आत निघू."

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण डावं पाऊल आधीच दाराकडे निघालं होतं.