जुनी पन्नास, नवी पन्नास

हे मी लिहिणारच नव्हतो. टाईप केलं, पुसलं, परत टाईप केलं. शेवटी मित्सुरुलाच विचारलं, तर म्हणाला, लिही की, मला आता काय फरक पडतो. दमलेला माणूस बोलतो तसं बोलला. म्हणून त्याचीच गोष्ट सांगतो, मी त्यात कुठे येत नाही.

मित्सुरु जपानात सुवा तळ्याकाठी ओकाया गावात राहायचा, म्हाताऱ्या वडिलांबरोबर. धंदा म्हणाल तर शेवटचे फोटो. म्हणजे अंत्यविधीला फुलांच्या मधोमध ठेवतात तो फोटो, माणसाने धडधाकट असतानाच काढून ठेवायचा. नाहीतर ऐनवेळी पोरं सहलीच्या घोळक्यातून चेहरा कापतात आणि खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात उरतो. मित्सुरु घरोघरी जायचा, म्हातारीला खिडकीकडे तोंड करून बसवायचा, कॉलर सरळ करायचा आणि यंदाचं लोणचं कसं झालंय ते विचारत राहायचा. ती बोलता बोलता तोंडाचा विचार सोडायची, तेवढ्यात बटण दाबायचा. हे सगळं तो आपलं आपण शिकलेला.

कॅमेरा रेंजफाइंडर. त्यात लेन्समधून बघता येत नाही. शेजारच्या छोट्या खिडकीतून बघायचं, तिथे माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, लेन्सवरचं कडं फिरवून त्या एकमेकींवर आणून बसवायच्या. बसल्या की फोकस झाला. लेन्सने स्वतः काय पाहिलं ते फिल्म धुतल्यावरच कळतं.

लेन्स त्याच्याकडे दोन होत्या, दोन्ही पन्नास मिलिमीटरच्या. एक नवी, पापणीन् पापणी मोजून देणारी. दुसरी वडिलांची, त्यांच्या तरुणपणची, पितळी, जड. आतल्या काचेवर आरशावर श्वास सोडावा तसं धुकं. उजेड तिच्यात जरासा सांडायचा.

वडील तोकुजी, आयुष्यभर बस चालवलेला माणूस. हृदयाचं ऑपरेशन ठरलं, नव्या वर्षात. ते म्हणाले, त्याच्या आधी माझा फोटो उरकून टाक. मित्सुरु बरेच दिवस टाळत होता. जगाचे चेहरे काढले, आता बापाचा काढायचा, आणि तो खरा यायला हवा. परत संधी मिळेल असं डॉक्टरांच्या बोलण्यावरून वाटत नव्हतं.

तो नवी लेन्स लावायला लागला, तर वडिलांनी हात आडवा केला.

"जुनीनेच काढ. तुझ्या आईचा तिनेच काढलाय मी. शेजारी शेजारी ठेवलं तर एका घरातली वाटायला नकोत?"

"बाबा, ती धुरकट झालीये. नवीने नीट येईल."

"माझ्या पापण्या कोण मोजणार आहे?"

काढला जुनीने. वडील बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, अंगात कोपराला ठिगळ लावलेलं तपकिरी स्वेटर. मागे सरकतं दार उघडं, ओसरी, वळचणीला दोऱ्याला बांधून वाळत घातलेली पर्सिमनची नारिंगी फळं, मग फाटक, रस्ता आणि खाली तळं. दोन प्रतिमा छान बसल्या होत्या. संध्याकाळी न्हाणीघरात फिल्म धुतली, तर वडील पुसट. मागची फळं मात्र अशी आलेली की दोऱ्याच्या गाठी मोजाव्यात.

माझाच हात चुकला असेल, असं समजून त्याने परत काढला. या वेळी फळंही पुसट. त्यामागच्या फाटकावरची नावाची पाटी वाचता येत होती.

मग तो लेन्स घेऊन कुनिहिरोकडे गेला. कुनिहिरो शाळेपासूनचा मित्र, वरच्या सुवा गावात कॅमेरे दुरुस्त करायचा. त्याने लेन्स आपल्या कॅमेऱ्याला लावली, दुकानातली किटली टिपली, गादीवर झोपलेली मांजर टिपली. फिल्म धुतली, सगळं सुईसारखं.

"लेन्स ठणठणीत आहे रे. तुझे डोळे गेलेत. चष्मा लाव आणि लग्न कर, दोन्हीला उशीर झालाय."

मित्सुरु हसला नाही. घरी येऊन त्याने वडिलांना न विचारता नवी लेन्स चढवली आणि ते चहा पीत असताना एक फोटो काढला. तो अगदी लख्ख आला. सुरकुत्या, दाढीचे खुंट, बुबुळात खिडकीचा चौकोन.

दुसऱ्या दिवशी त्सुयाको आत्या लोणच्याची बरणी घेऊन आली. तिने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"छान आलाय. कोण हा?"

"आत्या, बाबा आहेत."

ती हसायला लागली आणि मधेच थांबली. मग टेबलावर पडलेला तो पहिला पुसट फोटो तिने उचलला. "हा बघ. हा माझा दादा." तिने लख्ख फोटो पालथा ठेवला. जाताना बरणी द्यायचीच विसरली, परत घेऊन गेली.

रात्री जेवताना वडिलांनी तो पालथा फोटो सुलटा केला. बराच वेळ पाहिला. मग जसं बसमधल्या अनोळखी प्रवाशाबद्दल बोलावं तसं अदबीने विचारलं,

"यांचंही ऑपरेशन आहे का?"

मित्सुरुने काड्यांत उचललेल्या शेवया परत सूपमध्ये सोडल्या. वडील चेष्टा करत नव्हते. ते परत जेवायला लागले, सावकाश, आवाज न करता. आवाज न करता ते पूर्वी कधी जेवले नव्हते.

आता त्याला एकच वाटत होतं. एक खरा फोटो. नवीने येतो तो बाबांचा नाही, जुनीने येतो त्यात बाबा दिसत नाहीत. मधलं काहीतरी हवं होतं, आणि तो थकला होता.

रविवारी सकाळी, छान ऊन असताना, त्याने परत जुनी लावली. वडील खुर्चीवर बसले. कॅमेऱ्याच्या खिडकीत त्यांच्या दोन प्रतिमा दिसल्या. त्याने कडं फिरवलं. खुर्चीच्या दोन पाठी एकमेकींवर आल्या, जुळल्या.

वडील जुळले नाहीत.

"बाबा, हलू नका."

"मी हललोच नाही."

त्याने कडं पुढे फिरवलं. खुर्ची परत दुभंगली. वडिलांच्या दोन प्रतिमा हळूहळू जवळ यायला लागल्या. ओसरीचं अंतर गेलं. फाटकाचं गेलं. कडं संपलं, त्याच्यापुढे फिरत नाही, तिथे आकाश आणि डोंगर बसतात.

तिथे वडील जुळले.

त्याने बटण दाबलं.

धुतल्यावर खुर्चीत एक तपकिरी डाग होता. बाकी घरही पुसट. फक्त खाली, तळ्याच्या कठड्यापाशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं, नखाएवढं. मित्सुरुने भिंग लावलं.

कोपराला ठिगळ होतं.

आतल्या खोलीत वडील टीव्ही बघत होते. मित्सुरु बराच वेळ दाराशी उभा राहिला, पण आत गेला नाही.

ऑपरेशनची वेळ आलीच नाही. तळं गोठायला लागलं त्या आठवड्यात ते झोपेतच गेले. फुलांच्या मधोमध मित्सुरुने पहिला, पुसट फोटो ठेवला. लोक वाकून नमस्कार करत होते आणि म्हणत होते, अगदी तोकुजी. फोटो कुणी काढला, असंही दोघातिघांनी विचारलं.

सगळं आवरल्यावर तो जुनी लेन्स घेऊन कुनिहिरोकडे गेला. म्हणाला, ठेव तुझ्याकडे, विक नाहीतर तळ्यात टाक. कुनिहिरोने ती घेतली, पण हातात फार वेळ धरली नाही. चहा ओतला. या वेळी त्याने एकही टोमणा मारला नाही.

"मित्सु, तेव्हा लेन्स तपासताना तुझाही एक काढला होता मी. तू मांजरीला कुरवाळत होतास. फिल्म संपवायची होती म्हणून काढला, तेव्हा दाखवला नाही."

"कसा आला?"

कुनिहिरो चहा फुंकत बसला.

"रस्ता छान आलाय. पलीकडच्या बसथांब्याची पाटी वाचता येते."

"आणि मी?"

कुनिहिरोची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली. मित्सुरुच्या मागे काचेचं दार होतं, दारापलीकडे रस्ता. मित्सुरु मान वळवायला लागला, तसा कुनिहिरोने टेबलावरून हात पुढे करून त्याची बाही धरली. घट्ट धरली.

"तो फोटो मागू नकोस माझ्याकडे. शब्द दे."

"नाही मागणार," मित्सुरु म्हणाला. बाही अजून सुटली नव्हती. "आणि मागे वळूनही नाही बघणार. शब्द."