सातव्या पायरीचा आवाज

जेवणं आटोपली, गच्चीवर चटया पडल्या आणि तुळशीराम काका पोरांना म्हणाले, "शैलेश माझ्यासोबत न्हावा शेव्याला कामाला होता. खोटं वाटलं तर उद्या त्यालाच विचारा." मग त्यांनी सांगायला घेतलं.

पंधरा नोव्हेंबर २०११. अमावास्या नाही, काही नाही, साधा मंगळवार. शैलेशनं सुट्टी टाकली आणि सकाळीच बाजारातून दोन डझन स्क्रू, मेणबत्त्या आणि सुताराकडच्या लाकडी पाचरी घेऊन आला. पनवेलच्या कोळीवाड्यात त्याचं माडीचं घर. खाली आई कृष्णाबाई झोपायची. माडीवर तो, बायको भावना आणि बावीस दिवसांचा मुलगा. मधे अकरा पायऱ्यांचा लाकडी जिना.

त्यातली सातवी पायरी रात्री सगळ्यात मोठ्यानं करकरायची. जिन्यावर कुणी नसताना. कृष्णाबाई अंथरुणातूनच ओरडायची, "कोन?" मग करकर एकेक पायरी खाली उतरायची आणि थांबायची. शैलेशनं हे लहानपणापासून ऐकलेलं. थंडीत लाकूड आकसतं, दुसरं काय, असं तो म्हणायचा. पण आता बाळ त्या आवाजानं आणि आजीच्या हाळीनं दचकायचं, तासभर रडायचं, प्यालेलं दूध ओकायचं. त्याचं वजन भरत नव्हतं.

"सगल्या पायऱ्या ठोक," कृष्णाबाई म्हणाली. "सातवी र्‍हाऊ दे."

"आई, तीच तर बोंबलते!"

"बोंबलते म्हनून आपल्याला कलतं ना."

"काय कलतं?"

कृष्णाबाई खाली कोलंबी सोलून खडेमिठात टाकत होती. ती सोलतच राहिली.

वरून भावना म्हणाली, "अहो, नीट ठोका हां. नाहीतर आज पाळणा तुमच्याकडे."

शैलेश जिन्याखाली शिरला. फटींत पाचरी मारल्या, मेण चोळलं, स्क्रू आवळले. सातवीला चार जास्तीचे. संध्याकाळी तिच्यावर उभा राहून त्यानं उड्या मारल्या. जरासुद्धा आवाज नाही.

"बघ आई, मेली तुझी सातवी!"

आई बघत होती. हसली मात्र नाही.

रात्री शैलेशला जाग आली. मोबाइलवर दोन चाळीस झाले होते. घर इतकं शांत त्यानं कधी ऐकलं नव्हतं. भावना शेजारी गाढ झोपलेली. बाळ रडत नव्हतं. बरं वाटलं त्याला. कूस बदलली...

पाळणा हलत होता.

सावकाश. एका लयीत. कुणीतरी दोरी धरून हलवावा तसा.

आई वर आली असेल, असं त्याला वाटलं. मग खालून आई खोकली.

पाळण्याजवळ काही दिसत नव्हतं. नुसता अंधार. पण तिथला अंधार जरा दाट होता.

"कोण?" हा शब्द त्याच्या जिभेवर आला. त्यानं तो गिळला. इतकी वर्षं ते सातव्या पायरीवर आलं की आई विचारायची. ते तिथूनच परतायचं. आता ते खोलीत होतं. बाळाजवळ. आता विचारलं...

तर उत्तर येईल.

तो तसाच पडून राहिला. दात आवळून. किती वेळ, कुणास ठाऊक.

पाळणा थांबला.

ते गेलं का? जिना काहीच सांगत नव्हता. शैलेशनंच त्याचं तोंड बंद केलं होतं.

उजाडलं तेव्हा तो धडपडत उठला. बाळ पाळण्यात होतं. जागं. टक लावून वर बघत होतं. त्यानं त्याला उचलून छातीशी धरलं आणि आईला हाका मारल्या. कृष्णाबाई जिना चढून आली. डोळे लाल झालेले.

"रातभर जागी होती रे मी," ती म्हणाली. "आवाजच नाय आला."

भावनानं बाळाला घेतलं. त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली. ती सोडवेना. तिनं एकेक बोट हळूच उलगडलं.

आत खडेमिठाचा एक खडा होता. ओला.